भट्टी निवेपर्यंत

सकाळी आठ वाजता वन्संनी भट्टीच्या दारासमोर हातभर अंतर सोडून खुर्ची टाकली आणि ठाण मांडलं. मांडीवर सोलायच्या वाटाण्यांची टोपली, पायाशी सालपटांसाठी बादली, आणि काखेत भट्टीचे ते कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे. दार उघडायचं तर आधी खुर्ची हलवावी लागणार, खुर्ची हलवायची तर वन्संना उठवावं लागणार, आणि वन्संना उठवणं म्हणजे काय ते त्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

भट्टीच्या बाजूला टांगलेल्या काळ्या डबीत लाल आकडा दिसत होता. चारशे शहाण्णव अंश.

"वन्सं, मी फक्त..."

"नाही."

"अहो, ऐकून तर घ्या."

"फक्तपासून सुरू होणारं काही ऐकायचं नाही, असं मी ठरवलंय. दुसरं काही असेल तर बोल."

दुसरं काही नव्हतं. धाकटी परत आपल्या बाकाशी गेली, तिथलं फडकं उचललं, पिळलं, परत तिथेच ठेवलं.

धाकटी म्हणजे वन्संच्या सगळ्यात धाकट्या भावाची बायको. चव्वेचाळिशी उलटली होती, वाचायचा चष्मा कपाळावर चढला होता, तरी घरात ती धाकटीच. घरामागच्या लांबट पत्र्याच्या खोलीत या नणंद-भावजयींचा कारखाना होता. खिडकीशी चाक, भिंतीला फळ्या, कोपऱ्यात भाजताना मातीवर काचेसारखी वितळून बसणाऱ्या झिलईच्या बादल्या आणि टोकाला विटांची, विजेवर तापणारी भट्टी. एकोणीस वर्षं दोघी तिथे खपत होत्या. चाक आणि बाक धाकटीकडे; झिलई कालवणं, माल बांधणं आणि लोकांशी भांडणं हे वन्संकडे. कुंड्या, हात धुवायची भांडी, दारावरच्या घरक्रमांकाच्या पाट्या. एवढ्या वर्षांत लोकांची एक कुंडी धाकटीच्या हातून वाया गेली नव्हती. हात असा की माती तिच्याजवळ शहाण्या लेकरासारखी वागायची.

लोकांची माती. स्वतःची नाही. सगळं दुखणं तिथेच होतं.

झालं असं की आठ महिन्यांपूर्वी वाचनालयाच्या बाई कुंड्या न्यायला आल्या, आणि खिडकीच्या कठड्यावर त्यांना एक फांदी दिसली. उरलेल्या मातीची, बोटांनी चिमटून केलेली, पानंबिनं असलेली. धाकटीने ती कुणाशी तरी फोनवर बोलताना केली होती, केल्याचं तिच्या लक्षातही नव्हतं. बाईंनी ती हातात घेतली, फिरवली आणि म्हणाल्या, "आमच्या मुलांच्या खोलीत एक भिंत मोकळी आहे. कमरेएवढीच. तिथे असं आख्खं झाड करून द्याल? उठावाचं. मुलांना मुळापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवत नेता यायला हवं."

"देईन," धाकटी म्हणाली. विचार करायच्या आधीच म्हणाली. विचार केला असता तर म्हणाली नसती.

अठ्ठेचाळीस टाइल्सचं झाड. सहा आडव्या, आठ उभ्या. कागदावर काढलं तेव्हा तिला हर्ष झाला, आणि त्या हर्षाच्या पाठोपाठ, पोटात खोल कुठेतरी, कुणीतरी पाय घट्ट रोवून उभं राहिलं आणि म्हणालं, मी नाही येणार.

पहिल्या खेपेला झाड ओलं असताना झाकायचं राहिलं. शनिवारी दुपारी तयार झालं आणि सोमवारपर्यंत उघडं पडलं. टाइल्स सुकलेल्या पानांसारख्या चारी कडांनी वर वळल्या. "विसरले," धाकटी म्हणाली. जी बाई लोकांच्या पाट्यांवर ओलं फडकं टाकल्याशिवाय घास तोंडात घालत नव्हती, ती विसरली. वन्सं म्हणाल्या, होतं एखादेवेळी.

दुसऱ्या खेपेला झाड भट्टीपर्यंत पोचलं, झिलई चढली, आणि दार उघडलं तर बत्तीस टाइल्सना तडे. "माती खराब आली," धाकटी म्हणाली. "आत हवा राहिली असणार. तापताना फुटलं." वन्संनी त्याच दिवशी मातीवाल्याला फोन लावला आणि त्याची सात पिढ्यांची माती केली.

ही तिसरी खेप. काल संध्याकाळी भट्टी हजार साठला नेऊन बंद केली होती. आता ती आपली आपण निवायला हवी. आकडा शंभराच्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही. गरम टाइलला गार वारा लागला की ती जागच्या जागी तडकते. हे धाकटीला कुणी सांगायची गरज नव्हती. तीच सगळ्यांना सांगायची.

आणि वाचनालयाच्या बाईंचा निरोप होता. "उद्या अकरा वाजता गवंडी येतोय. झाड आलं तर झाड लागेल. नाही आलं तर साध्या पांढऱ्या टाइल्स आणून ठेवल्यात, त्या लागतील. मला मुलांची खोली आणखी बंद नाही ठेवता येणार हो." रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहा वाजता आकडा चारशे पन्नासवर आला.

"जळका वास येतोय का?" धाकटीने विचारलं.

"येतोय. तुझ्या डोक्यातून."

"वन्सं, गंमत नाही करत मी. नुसतं बघायच्या भोकाचं बूच काढून एक डोळा लावते. बूच काढल्याने काही होत नाही."

"एक डोळा लावशील, मग दिसत नाही म्हणशील, मग विजेरी आणशील, मग म्हणशील दारच थोडं किलकिलं करू." वन्संनी एक शेंग कचकन फोडली. "चौदा वर्षं शाळेत पोरं हाकलीत मी, हे करायच्या आधी. तुझ्यासारख्या दहा मागच्या बाकावर बसवून आलेय."

"मी काय पोर आहे?"

"पोरांना निदान लाज असते."

धाकटी फणफणत घरात गेली, घोटभर चहा केला, तो प्यायचा विसरली आणि परत आली. नवऱ्याला फोन लावला. तो चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईकाच्या कानांवर काड्या बसवत होता. "तुमच्या बहिणीने मला माझ्याच भट्टीपाशी जायला बंदी केलीये," ती म्हणाली. "तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडत नाही," तो म्हणाला, "पडलो होतो एकदा, अजून मान आखडते," आणि फोन ठेवून मोकळा झाला.

साडेअकरा. चारशे दहा. बारा. तीनशे नव्वद. लाल आकडा असा उतरत होता जसा रुसलेला पाहुणा जिना उतरतो, पायरीपायरीवर थांबत, मागे वळून बघत. धाकटीने सगळी हत्यारं धुतली. धुतलेली परत धुतली. दारावरच्या बारा पाट्या करायच्या होत्या, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ती खार चुकलीये," साडेतीनच्या सुमारास ती एकदम म्हणाली.

"कुठली खार?"

"खालून दुसऱ्या ओळीतली. मुळावर बसलेली. काल आत ठेवतानाच मला दिसलं. खार नाही वाटत."

"मला तर घुशीला बाटली धुवायचा ब्रश लावल्यासारखी वाटली," वन्सं म्हणाल्या. "पण म्हटलं तुझी कला आहे, आपण कशाला बोला."

"मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं असतं तर तू अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस मोडून परत मळायला घेतल्या असत्यास. मला काय माहीत नाहीस तू?"

"हिरवाही उतरला नसेल नीट. मला वाटतंच आहे. आणि बुंध्याची साल जरा जास्तच खोल कोरली गेली. आत काय वाढून ठेवलंय देव जाणे. एकदा कळलं की बरं. वाईट तर वाईट. कळलेलं बरं ना, वन्सं?"

"कळेल की. उद्या सकाळी."

"आज कळलं तर काय बिघडतं?"

वन्संनी टोपली खाली ठेवली. वाटाणे कधीचे सोलून झाले होते. गेला तासभर त्या रिकाम्या सालींशी खेळत होत्या. अॅप्रनच्या खिशात हात घालून त्यांनी एक तुकडा काढला. तळहाताएवढा, एका बाजूने हिरवी झिलई, पानाच्या दोन शिरा.

"हे काय आहे?"

"मागच्या झाडाचा तुकडा," धाकटी म्हणाली.

"परवा चुरा करायला काढले होते मी. नव्या मातीत कालवायला. दोन बादल्या भरून निघाले. घे. कडेवरून बोट फिरव."

"कशाला?"

"फिरव म्हणते ना."

धाकटीने बोट फिरवलं नाही. तिला फिरवायची गरज नव्हती.

"तापताना फुटली असती," वन्सं एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा म्हणाल्या, "तर नंतर झिलई वितळली तेव्हा ती या कडेवरून ओघळली असती. कड गुळगुळीत झाली असती. ही कशी आहे? वस्तऱ्यासारखी. म्हणजे झिलई घट्ट झाल्यावर फुटली. म्हणजे निवताना. म्हणजे कुणीतरी गरम भट्टीत गार हवा सोडली. आता कुणी, ते तू सांगतेस का मी सांगू?"

खोलीत फक्त भट्टी बोलत होती, निवताना विटा बोलतात तसं, बारीक कुरकुरत.

"एकोणीस वर्षं," वन्सं म्हणाल्या. "लोकांच्या कुंड्या दोन दोन दिवस निवू देतेस. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी परत पाठवतेस. तुला घाई नाही गं कसली. मला आधी वाटायचं, उतावीळ आहे. उतावीळ बाईच्या कुंड्या पण फुटल्या असत्या. तुझं फक्त तुझंच फुटतं." आणि मग, रागाच्या भरात वन्संना नेहमी यमक सुचायचं, ते सुचलं:

"दोन बोटं दार उघडलं, दोनच बोटं फक्त,
टाइल फुटली, बाई सुटली, मातीचं काय चुकतं?"

एरवी धाकटी हसली असती. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "तुम्ही झिलई ढवळता बादलीत. तुमचं काही भिंतीवर लागणार नाहीये. तुमच्याकडे बघून कुणी म्हणणार नाहीये की हं, म्हणजे एवढंच येतं होय हिला!"

बोलून झाल्यावर तिला वाटलं, शब्दांनाही झाकायला ओलं फडकं असायला हवं होतं.

तेवढ्यात वन्संचा फोन वाजला. मातीवाला होता. नवी माती घेऊन आला होता आणि त्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी अडकला होता. समोर कुणीतरी गाडी लावून ठेवली होती आणि गाडीचा मालक सापडत नव्हता. वन्सं "आले" म्हणाल्या आणि उठल्या. गुडघे दाबत उठल्या, आठ तासांचं बसणं एकदम उठावं तशा.

"ह्या माणसाला मी तुझ्यापायी नाही नाही ते बोलले," त्या म्हणाल्या. "आता तोंड दाखवायला जाते." काखेतले हातमोजे त्यांनी खुर्चीवर ठेवले. आपटले नाहीत, अगदी सरळ, जोडीने ठेवले. "हे घे. मी काही तुझी राखण करायला जन्माला आले नाही. फोडायचं असेल तर फोड एकदाचं. मीही सुटेन."

आणि त्या गेल्या.

तीनशे बारा.

धाकटीने हातमोजे घातले. लगेच घातले, त्यात तिला फार विचारही करावा लागला नाही. खुर्ची बाजूला केली. कडीला हात लावला. जाड कापडातूनही कडीची ऊब हाताला कळत होती.

मागच्या वेळी दोनशे ऐंशी होते. घरात कुणी नव्हतं. तिने दोन बोटं दार उघडलं होतं आणि कान लावला होता. आधी काहीच नाही. मग आतून टिंग. मग थोडं थांबून, टिंग टिंग. अंगणात पहिल्या गारा पडाव्यात तसं, कुठे एक, कुठे दोन, मग सगळीकडेच. ती तशीच उभी राहिली होती. आणि तिला बरं वाटलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं, पण त्या प्रत्येक टिंगबरोबर तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरत गेलं होतं. कारण आता झाड कसं झालं हे कुणी विचारणार नव्हतं. झाड कसं फुटलं हे विचारणार होते. आणि त्याचं उत्तर देणं किती सोपं होतं! फुटलेलं झाड जन्मभर सुंदर राहतं. काय झालं असतं म्हणता, असं झालं असतं की बघत राहिला असतात. न फुटलेल्या झाडाला मात्र भिंतीवर जाऊन उभं राहावं लागतं, जसं आहे तसं.

तर आता पुन्हा तेच. पुन्हा दोन बोटं, पुन्हा टिंग. मग ती तुकडे गोळा करणार. मग रडणार, थोडं खरं, थोडं दाखवायला. मग नवरा म्हणणार, जाऊ दे गं. वाचनालयाच्या बाई म्हणणार, हरकत नाही हो. मग भिंतीवर पांढऱ्या टाइल्स. मग पुढच्या वर्षी कुणीतरी कठड्यावरचं काहीतरी उचलून म्हणणार, असं मोठं करून द्याल का? आणि ती म्हणणार, देईन.

कडीवर हात ठेवून उभी असलेल्या धाकटीला एकाएकी कंटाळा आला. शहाणपण बिहाणपण नाही. धीर नाही. नुसता कंटाळा, दाट, चिकट, गळ्यापर्यंत आलेला. एखादा पाहुणा दरवेळी तीच गोष्ट त्याच जागी थांबून, त्याच जागी हसून सांगतो, आणि तुम्ही मनात ओरडता की अरे बाबा कळलं, पुढे काय ते बोल, तसा. पुढे काय हे तिला आजवर कधी बघायलाच मिळालं नव्हतं. गोष्ट दरवेळी दारापाशीच संपायची.

"पुरे गं बाई," ती मोठ्याने म्हणाली. आवाज थेट वन्संसारखा निघाला, त्याचाही तिला राग आला.

पण कंटाळ्याने हात थांबेलच याचा भरवसा नव्हता. हात अजून कडीवरच होता. मनाने हो म्हटलं तरी हाताचं आपलं वेगळंच चाललेलं असतं. तिने एकेक बोट सोडवावं तसा तो सोडवला, हातमोजे खेचून काढले, बाकाशी गेली आणि दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत मातीच्या पिंपात घातले. चिखलाचे हात हातमोज्यात घालता येत नाहीत. आत चिखल लागला की ते वाळून कडक होतात. असं एकदा झालं तेव्हा वन्सं आठवडाभर बोलल्या नव्हत्या, आणि मग महिनाभर थांबल्या नव्हत्या.

हात मातीत होतेच, तर तिने गोळा काढला. थापला, लाटला, चौकोन कापला. आणि खार करायला घेतली.

पहिली घूस झाली. दुसरी घूस झाली, जरा शिकलेली. तिसरीचं शेपूट तिने मन लावून केलं, केस न केस ओढला, तर ब्रश आणखी महागातला वाटायला लागला. चौथी तिने रागारागात, दहा बोटांऐवजी दोन अंगठ्यांनी केली. तीही घूस, पण पळणारी. पाचवीला धाकटी हसायला लागली, एकटीच, नाकातून फुसफुस आवाज करत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एकोणीस वर्षांत मातीसमोर ती अशी हसली नव्हती. ही काही वाचनालयाची नव्हती, कुणाची नव्हती. या टाइल्स भाजायला वेळही नव्हता. सहावी, सातवी. तिच्या हाताला खार येत नव्हती. झाड येत होतं, मुंग्यांची रांग येत होती, खोडावरचा सरडा तर हलेल असा आला होता. खार येत नव्हती. बस. जग बुडालं नाही. पिंपातलं पाणी जिथल्या तिथे होतं.

गेटचा आवाज झाला. पुढे वन्सं, मागे खांद्यावर मातीचं पोतं घेतलेला मातीवाला, घामाने निथळत. वन्संनी आधी आकडा पाहिला. दोनशे एकाहत्तर. मग दार पाहिलं, मग जमिनीवर पडलेले हातमोजे, मग धाकटीचे कोपरापर्यंत बरबटलेले हात, मग फळीवरची रांग.

"ह्या घुशी कुणाच्या?"

"खारी आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि खुर्ची उचलून भिंतीला लावून ठेवली.

मातीवाल्याने पोतं उतरवलं. "ही बघून घ्या आधीच," तो घुश्शात म्हणाला. "दोनदा चाळलीये. हवा नाही, खडा नाही, काही नाही. मागून पुन्हा ऐकून घ्यायची माझी तयारी नाही."

धाकटीने हात फडक्याला पुसले, पुसले म्हणजे चिखल इकडचा तिकडे केला. "दादा," ती म्हणाली, "मागची मातीही चांगली होती. मीच दार लवकर उघडलं. दोनशे ऐंशीला."

मातीवाला तिच्याकडे बघत राहिला. मग वन्संकडे. मग पुन्हा तिच्याकडे. "दोनशे ऐंशीला?"

"हो."

"मुद्दाम?"

"तसंच म्हणा."

"अहो, दोन महिने!" पोत्यावर हात आपटून तो ओरडला. "दोन महिने मी खाणीवरच्या माणसाशी बोललेलो नाही तुमच्यापायी! भर लोकांत त्याला चोर म्हणालो! आणि तो माझा मेहुणा आहे, वहिनी! बायको माझ्याशी अजून भिंतीकडे तोंड करून बोलते!"

"मी बोलते त्यांच्याशी. फोन द्या लावून."

"आत्ता?"

"आत्ताच लावा. उद्या माझा धीर नाही व्हायचा."

त्याने खरोखरच लावला. धाकटीने चिखलाच्या दोन बोटांत फोन धरून, कधी न पाहिलेल्या मेहुण्याला सगळं सांगितलं, आणि पलीकडून जे यायचं होतं ते सगळं ऐकून घेतलं. वन्सं झिलईची बादली ढवळत उभ्या होत्या. ढवळायचं काही कारण नव्हतं.

"वन्सं," फोन संपल्यावर धाकटी म्हणाली, "मघाचं ते झिलईचं..."

"कळलं. वाटाणे आत नेऊन ठेव, सुकतील."

सकाळी सात वाजता आकडा एक्क्याण्णव होता. धाकटीने दार उघडलं. पूर्ण उघडलं.

आठ महिने तिच्या डोक्यात दोन झाडं होती. एक असं की बघून माणसाच्या घशात हुंदका यावा, आणि दुसरं तुकड्यांचं. आत होतं ते तिसरंच. ते नुसतं झाड होतं. अठ्ठेचाळीस टाइल्स, कोमट, मुकाट, आपापल्या जागी. धाकटी एकेक काढून जमिनीवर मांडत गेली आणि मांडता मांडता तिचं तोंड सुरू झालं. खालचा हिरवा मेलाय. ही तिसरी, कड उचलली गेलीये. हीही. ती शेंड्याजवळची, तीही. हिला केसाएवढी चीर आहे. साल खोल झाली म्हटलं होतं ना मी. सरडा बरा आहे. मुंग्या ठीक.

"झालं?" वन्सं म्हणाल्या.

"नाही. अजून आहेत."

"गुंडाळता गुंडाळता सांग. दहा वाजता निघायचंय."

"पण वन्सं, कसं झालंय? खरं सांगा."

वन्संनी कमरेवर हात ठेवून झाडाला मुळापासून शेंड्यापर्यंत एकदा पाहिलं. "चांगलं झालंय," त्या म्हणाल्या.

"नुसतं चांगलं?"

"नुसतं चांगलं. पहिलंच आहे तुझं. आणखी काय हवंय, तोफा?"

धाकटीला इतका संताप आला की एक टाइल तिने जुन्या वर्तमानपत्रात चार वेळा गुंडाळली.

मुलांच्या खोलीतून बुटकी टेबलं हलवून भिंत मोकळी केली होती. पांढऱ्या टाइल्सची खोकी दाराशी रचून तयार होती. गवंडी आधीच आला होता. त्याने पहिली टाइल हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला.

"सरळ नाहीये हो."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

दुसरी घेतली. "ही बरी." तिसरी. "ही तर उचललीये कडेला. कारखान्यातल्या बघा कशा असतात, काचेसारख्या. ही बसायची नाही. ही वगळून त्या जागी पांढरी लावतो एक. खालच्या बाजूला आहे, कुणाला दिसतंय?"

दोन दिवस, किंबहुना आठ महिने, धाकटी स्वतः हेच म्हणत आली होती. ही टाकून द्या, ती टाकून द्या. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिच्या कानशिलापाशी काहीतरी तापलं.

"पांढरी कशी लावता?" ती म्हणाली. "तिथे मूळ आहे. मूळ तोडून मध्ये पांढरी लावणार तुम्ही?"

"मग काय करू? वाकडीये."

"वाकडी आहे तर मागे थोडा जास्त माल भरा. तुम्हाला माल भरता येत नाही?"

"मला माल भरता येत नाही?" गवंड्याने थापी खाली ठेवली. "तीस वर्षं मी..."

"मग भरा की."

"कडेला बोटाएवढा उंचवटा राहील."

"राहू दे. मुलं बोटच फिरवणार आहेत त्यावर."

वाचनालयाच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी मान हलवली, म्हणजे मध्ये पडू नका. गवंड्याने पुटपुटत माल कालवला, टाइलच्या पाठीवर थापला, भिंतीला लावली, मुठीने ठोकली. धाकटी गुडघे टेकून त्याच्या शेजारी बसली.

"डावीकडे," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"अजून जरा. मुंग्यांची रांग जुळत नाहीये."

"ताई, तुम्ही बाहेर उभ्या राहा बरं. मला काम करू द्या."

"नाही राहत," धाकटी म्हणाली, आणि वर्तमानपत्र फाडून पुढची टाइल त्याच्या हातात दिली.